कुत्र्याच्या बॅगेत गॉगल नको, चिमटा ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कुत्र्यांना घेऊन कॅम्पिंगला जाण्यावर पान आलं होतं ते वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय, पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तर खुशाल कापा पण बिबट्याचं आणि गडावरच्या टाक्याचं तेवढं ठेवा प्लीज. पान दिसायला एकदम छान होतं. पण सोबत काय न्यायचं याची यादी वाचली तर त्यात कुत्र्याचा गॉगल, मालकाच्या शर्टाला मॅचिंग बंडाना, लाइटची माळ, कुत्र्यासाठी वेगळा केक, आणि सगळ्यात शेवटी पाण्याचं भांडं. वर मोठा फोटो, संध्याकाळची वेळ, मागे डोंगर, तंबूवर दिव्यांच्या माळा आणि तंबूच्या बाहेर मेखेला बांधून ठेवलेला गोल्डन रिट्रीव्हर. लाइक्स भरपूर मिळतील अशा फोटोला. पण असं कुत्रं बाहेर बांधून माणसं आत झोपली तर काय होतं हे जुन्नर, अकोले, मुळशी, भोर यातल्या कुठल्याही गावात विचारा, शेंबडं पोर सांगेल.

मी तळेगावला राहते, घरात एक लॅब म्हणजे लॅब्राडोर आणि एक गावठी कुत्री आहे, लॅबचं नाव सिंबा आणि हिचं चंपा. पाऊस संपला की आम्ही त्यांना घेऊन पवनेला, भंडारदऱ्याकडे, कधी वेल्ह्याच्या बाजूला तंबू ठोकायला जातो त्यामुळे हे लिहायचा थोडाफार हक्क आहे असं समजते.

आधी बिबट्याचंच घेते. आपल्याकडे बिबट्या म्हणजे लांब कुठेतरी घनदाट जंगलात राहणारा प्राणी असं अजून लोकांच्या डोक्यात आहे, प्रत्यक्षात तो उसात राहतो, वस्तीच्या मागे राहतो आणि त्याला कुत्रं फार आवडतं. नगर जिल्ह्यात बिबट्याची विष्ठा गोळा करून तो खातो काय याचा अभ्यास झाला होता, २०१६ साली छापून आलेला, त्यात त्याने खाल्लेल्या मांसात वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला, शेळ्यामेंढ्यांच्याही पुढे. आम्ही ज्यांच्या शेतात तंबू लावतो ते मामा पहिल्याच वेळी म्हणाले होते, ताई बाकी काय बी करा पण रातच्याला कुत्री आत घ्या, त्यांची स्वतःची कुत्री अंधार पडला की पडवीत असतात आणि दार लावलेलं असतं. तेव्हा यादीतली पहिली वस्तू म्हणजे मोठा तंबू. दोन माणसं आणि एक पंचवीस-तीस किलोचं कुत्रं असेल तर दोन माणसांच्या तंबूत काही खरं नाही, रात्रभर एक पाय तोंडात आणि शेपूट नाकात, सरळ चार माणसांचा घ्या. तंबूचा तळ नखांनी फाटतो म्हणून वर जुनी सतरंजी किंवा गोधडी टाकायची, आणि डिसेंबर-जानेवारीत भंडारदऱ्याच्या बाजूला जमीन इतकी गार पडते की त्या गोधडीखाली फोमची मॅट पण हवीच, लोकांना वाटतं कुत्र्याला केस आहेत त्याला कशाला, पण पोटाला केस असतात किती? तंबूत जमत नसेल तर गाडीत झोपवा, काचा चार बोटं खाली ठेवून. आणि रात्री दोन वाजता शू लागली तर तुम्ही स्वतः टॉर्च घेऊन, पट्टा हातात धरून बाहेर पडायचं, नुसती चेन उघडून ‘जा बेटा’ नाही.

पट्ट्यावरून आठवलं. तो पेन्सिलबॉक्ससारखा डबा असतो ना ज्यातून बारीक दोरी सुर्रकन बाहेर येते, तो कॅम्पिंगला नेऊ नका. झुडपात अडकतो, माणसाच्या पोटरीला गुंडाळला की कातडं सोलतो आणि डबा हातातून निसटला तर कुत्रं त्या खडखडाटाला घाबरून अजूनच पळतं. एक साधा सहा फुटी जाड पट्टा, एक दहा मीटरची लांब दोरी आणि छातीचा हार्नेस, एवढं पुरतं. दिवसा तंबूपाशी मोकळं बसायला हवं असेल तर दोन झाडांमध्ये छातीएवढ्या उंचीवर दोरी ताणायची, त्यात कॅराबिनर म्हणजे ट्रेकिंगवाल्यांची उघड-बंद होणारी कडी अडकवायची आणि कॅराबिनरला पट्टा, म्हणजे कुत्रं या झाडापासून त्या झाडापर्यंत फिरतं आणि दोरी पायात येत नाही. झाडाच्या जरा अलीकडे दोरीला एक जाड गाठ मारून ठेवा म्हणजे कॅराबिनर तिथेच अडतो, नाहीतर बुंध्याला फेऱ्या मारून स्वतःला गुंडाळून घेतात आणि मग आपल्याकडे असं बघतात जसं काही आपणच बांधलंय. ट्रेकिंगवाले वापरतात ती आठ मिलिमीटरची दोरी घ्या, नायलॉनची स्वस्त दोरी हाताला कापते.

मोकळं सोडायचा मुद्दा निघाला की लोक भांडायला येतात. आमचा शिकवलेला आहे, आमचा काही करत नाही. तुमचा करत नसेल हो, पण समोर काय येणार आहे ते तुम्हाला माहितीय का? दिवाळीनंतर मेंढरं घेऊन धनगर फिरायला लागतात, त्यांच्या कळपाबरोबर दोन-तीन कुत्री असतात, गळ्यात लोखंडी काटेरी पट्टे घातलेली, वाघरानं म्हणजे बिबट्यानं नरडं धरू नये म्हणून. शहरातला लॅब खेळायला म्हणून त्या कळपात घुसला तर ती कुत्री त्याच्याशी खेळणार नाहीयेत. आणि मेंढरं बिथरून पळाली, एखादीचा पाय मोडला, गाभण असली तर अजून काही झालं, ते नुकसान कुणी भरायचं? कोंबड्यांचं तर सोडाच. शेतकऱ्याने तंबूसाठी जागा दिली म्हणजे अख्खं गाव आपल्या कुत्र्याला आंदण दिलं असं नसतं. म्हणून माझ्या मते ती दहा मीटरची दोरी निम्मी कुत्र्यासाठी आणि निम्मी गावासाठी असते.

हार्नेस असला तरी गळ्यातला पट्टा काढायचा नाही, त्यावर नाव नको पण फोन नंबर मोठ्या अक्षरात हवा. ३१ डिसेंबरला पवनेच्या काठाला जाणार असाल तर माझा सल्ला आहे जाऊच नका, डीजे, फटाके, दारू, शंभर माणसं आणि त्यात फटाक्याला बिचकून सैरावैरा सुटलेली कुत्री, दुसऱ्या दिवशी सगळ्या ग्रुपवर हरवलेल्यांचे फोटो फिरत असतात. जायचंच असेल तर दोन पट्टे, एक गळ्याला एक हार्नेसला, आणि बारा वाजता कुत्रं बंद गाडीत आणि एक माणूस त्याच्याबरोबर.

आता चिमटा. तुमच्या यादीत सगळ्यात जास्त मला ज्याची उणीव जाणवली ती ही पन्नास-साठ रुपयांची वस्तू. बारीक टोकाचा, भुवया कोरायचा असतो तसा. सह्याद्रीत पावसानंतर गवत छातीएवढं वाढतं आणि त्यात गोचीड असतात, आणि नोव्हेंबरपासून तेच गवत वाळलं की कुसळं. माणसाच्या मोज्यात कुसळ घुसलं की आपण शिव्या घालत काढून टाकतो, कुत्र्याच्या बाबतीत ते बोटांच्या बेचक्यात, काखेत, कानात जातं आणि त्याची रचनाच अशी असते की पुढेच सरकतं मागे येत नाही. बोटांमध्ये घुसलेलं कुसळ आत जाऊन पू होतो, कानात गेलं तर कुत्रं डोकं एका बाजूला वाकडं करून सारखं झटकत राहतं, तसं दिसलं तर स्वतः कानात चिमटा घालू नका डॉक्टरकडे न्या. कॉकर, गोल्डन, शित्झू अशा केसाळ जातींच्या पंज्यामधले केस निघण्याआधी कापून घ्या, आणि बारीक दातांचा कंगवा बॅगेत टाका.

आमच्याकडे रोज संध्याकाळी अंधार पडायच्या आधी तपासणी असते. चंपाला उताणी झोपवायचं, डोक्यावर हेडटॉर्च लावायचा आणि बोटांनी केस उलटे सारत जायचं, आधी कान आतून बाहेरून, मग पापण्यांच्या कडा, हनुवटीखाली, पट्ट्याच्या खाली गळाभर, काखा, जांघा, शेपटीच्या बुडाशी आणि सगळ्यात शेवटी एकेक पंजा उघडून प्रत्येक दोन बोटांमध्ये. गोचीड रक्त प्यायला नसेल तर तिळाएवढा दिसतो, प्यायला असेल तर राखाडी वाटाणा. चिमटा कातडीला अगदी टेकवून गोचिडाच्या तोंडापाशी धरायचा आणि सरळ वर ओढायचा, हळूहळू, पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. पोट दाबलं तर त्याच्या आतलं सगळं कुत्र्याच्या अंगात जातं. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल, तेल, नेलपॉलिश हे सगळे उद्योग बंद करा. काढलेला गोचीड झाकणाच्या बाटलीत थोडं सॅनिटायझर घालून त्यात टाका, बोटांनी चिरडू नका. आणि घरी आलं म्हणजे सुटलो असं नसतं, टिक फीव्हर म्हणजे गोचिडाचा ताप एखाद्या आठवड्याने, कधी अजून उशिरा वर येतो, कुत्रं जेवत नाही, ताप, हिरड्या पांढुरक्या, प्लेटलेट पडतात, कधी नाकातून रक्त, तेव्हा डॉक्टरला ‘आम्ही कॅम्पिंगला गेलो होतो’ हे आपणहून सांगा म्हणजे रक्त तपासायचं त्यांच्या पटकन लक्षात येईल. गोचिडासाठी गोळ्या मिळतात, महिन्याची मिळते तशी बारा आठवडे चालणारी पण मिळते, पण ती डॉक्टरला विचारूनच, कुत्र्याला फिट येत असेल तर मुद्दाम सांगा. (घरात मांजर असेल तर कुत्र्याचं गोचिडाचं औषध तिच्या आसपासही नेऊ नका, त्यातल्या काहींमध्ये परमेथ्रिन असतं आणि ते मांजराच्या जिवावर बेततं.)

खाजकुइलीच्या शेंगा थंडीत वाळतात, त्यातून कुत्रं गेलं की त्याच्या अंगावरून ती कुसं तुमच्या अंगावर येतात, बाकी काही लिहीत नाही, ज्याला लागलीय त्याला कळेल.

पाणी. साधा हिशोब असा की कुत्र्याला किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिली पाणी नुसतं बसून लागतं, म्हणजे पंचवीस किलोच्या लॅबला दीड लिटरपर्यंत, चढ चढला, ऊन असलं की त्याच्या दुप्पट धरा. ‘धरण आहे की समोर’ असं म्हणून लोक नेत नाहीत. धरणाच्या कडेला साचलेल्या हिरव्या शेवाळी पाण्यात नको ते असतं, आणि डबक्यातल्या पाण्यातून लेप्टो होतो जो कुत्र्याला होतो तसा आपल्यालाही होतो, त्याची लस दरवर्षी द्यावी लागते हे अर्ध्या लोकांना माहीत नसतं. आणि ऊन म्हणाल तर कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, पंजातून येतो तेवढाच, बाकी सगळा कारभार जिभेवर. मार्चनंतर अकरा वाजता कातळावर हाताची मागची बाजू ठेवून बघा, सात सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावरून चालवू नका. पग, फ्रेंच बुलडॉग, शित्झू अशी चपट्या नाकाची मंडळी उन्हाळ्यात घरीच बरी. धापा थांबत नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक, झोकांड्या जातायत म्हणजे ऊन लागलंय, ताबडतोब सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि गाडी काढा. त्यासाठी बॅगेत थर्मामीटर हवा, गुदद्वारात लावायचा, नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्या हिशोबाने १०२ म्हणजे ताप म्हणून नवऱ्याने एकदा सगळ्यांना जागं केलं होतं.

खाण्याचं फार लिहायची गरज नाही, घरी जे खातं तेच न्या, एक वेळचं जास्तीचं न्या, नवीन काही ट्राय करायची ती जागा नव्हे. निघायच्या तीन-चार तास आधी हलकं खायला द्या नाहीतर माळशेजच्या किंवा ताम्हिणीच्या वळणांवर सगळं सीटवर. पण तुमचं स्वतःचं खाणं मात्र झाकणाच्या डब्यात, कारण कॅम्पिंगला आपण नेमकं तेच नेतो जे कुत्र्याला विष आहे. कांदाभजी आणि कांद्याचा रस्सा, कांद्याने त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कांदा शिजवला म्हणून चालतो असं नाही. चिवड्यातले बेदाणे आणि ड्रायफ्रूटच्या लाडवातल्या मनुका, त्याने किडनी जाऊ शकते. चॉकलेट माहितीच असेल. शुगरफ्री च्युइंगममध्ये साखरेऐवजी झायलिटॉल असतं, तेही विषच, पण ते कुणाला माहीत नसतं. आणि बार्बेक्यू झाल्यावर तंगडीची हाडं, शिजलेलं हाड चावलं की त्याचे सुईसारखे तुकडे होतात आणि आतड्यात रुततात. शेजारच्या तंबूतले काका कौतुकाने ‘घे रे बाळा’ म्हणून टाकतात तेव्हा वाईटपणा घ्यायचा, मी घेते.

तसंच आपल्या औषधाच्या डब्यातलं काही कुत्र्याला द्यायचं नाही. लंगडतंय म्हणून ब्रुफेन किंवा कॉम्बिफ्लाम दिली तर पोटात अल्सर आणि किडनीला मार, क्रोसिन पण नको. बीटाडीन, कापूस, रुंद कापडी बँडेज, गोल टोकाची कात्री, सलाइनची छोटी बाटली डोळे धुवायला, एवढं पुरे. ते बँडेज जखमेइतकंच तोंड बांधायला लागतं, कारण दुखत असताना घरचं कुत्रंही चावतं आणि तो काही त्याचा दोष नाही. हातभर पट्टी घ्यायची, मध्ये सैल फास करून नाकावर चढवायचा, खाली हनुवटीशी एकदा वेढा आणि दोन्ही टोकं कानामागे नेऊन गाठ. घरी दोन-चार वेळा खाऊ देत देत सवय करून ठेवा. ओकत असेल, धाप लागली असेल किंवा नाक चपटं असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही.

साप चावला तर बहुतेक वेळा नाकावर नाहीतर पुढच्या पायावर चावतो कारण कुत्रं वास घ्यायला जातं. घोणस असेल तर सूज भराभर चढते. कापायचं नाही, दोरी आवळायची नाही, चालवायचं तर अजिबात नाही, चादरीची झोळी करून उचलून गाडीत घालायचं. म्हणून एक जाड चादर जास्तीची. आणि जवळच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा आणि पुण्या-नाशकातल्या चोवीस तास उघड्या असणाऱ्या एखाद्या दवाखान्याचा नंबर कागदावर लिहून नेणं, मोबाइलमध्ये नाही, धरणाच्या मागच्या बाजूला रेंजचा पत्ता नसतो. १९६२ ही सरकारी हेल्पलाइन जनावरांसाठी आहे, मुख्यतः शेतकऱ्यांच्या गुरांसाठी आहे पण नंबर माहीत असावा. निघायच्या आधी फोन करून ‘सापाचं औषध ठेवता का’ एवढं विचारून ठेवा, रात्री अकराला दारात जाऊन विचारण्यापेक्षा बरं.

लसीचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. रेबीजचं तर हवंच, तुमचं कुत्रं कुणाला नुसतं ओरखडलं तरी गावातला माणूस पहिलं तेच विचारतो आणि त्याचं बरोबर आहे, त्याने जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखाना गाठायला हवा आणि तिथे तुम्ही त्याच्याबरोबर जायला हवं. डिस्टेंपरची लस पण बघा, ती फक्त आपल्या कुत्र्यासाठी नसते. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसपेक्षा जास्त सिंह काही आठवड्यांत मेले त्यात याच रोगाचा विषाणू सापडला होता, कुत्र्यांमध्ये असतो तोच. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्री नेऊ देत नाहीत ते उगाच नाही, भंडारदऱ्याच्या आजूबाजूचा बराच भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो तेव्हा तंबू नेमका कुठे पडणार आहे ते आधी वनखात्याच्या नाक्यावर विचारा, गेटवर जाऊन हुज्जत घालू नका.

आता शेवटचं आणि मला ज्याचा सगळ्यात जास्त राग येतो ते. गडावर कुत्रा नेतात, चढून दमतो, आणि मग त्याला टाक्यात उतरवतात. व्हिडिओ पण काढतात. अहो ते पिण्याचं टाकं असतं! कित्येक गडांवर ट्रेकर, गडावर राहणारी माणसं, गुराखी सगळे तेच पाणी पितात, पुढच्या पावसापर्यंत ते बदलत नाही. भांड्याने काढून लांब नेऊन पाजा, आंघोळ घालू नका. आणि शी. पिशव्या न्या, दिवसाला दोन नाही चार न्या, उचला, गाठ मारा, आणि ती गाठ मारलेली पिशवी करवंदीच्या जाळीला अडकवून ‘परत जाताना घेऊ’ म्हणून विसरू नका, कारण शी चार पावसात विरघळते पण पिशवी तिथेच राहते. घट्ट झाकणाचा जुना प्लास्टिकचा डबा डिकीत ठेवायचा, सगळ्या पिशव्या त्यात आणि घरी येऊन कचऱ्यात. जेमतेम एक डबा वाढतो सामानात. त्या मामांच्या शेतात पुढच्या महिन्यात खुरपणीला बायका अनवाणी येणार असतात.

पुढच्या वेळी असं पान करणार असाल तर एक सुचवते, शहरातल्या इन्फ्लुएन्सरला विचारता तसं जुन्नर-अकोल्याकडच्या एखाद्या शेतकऱ्यालाही विचारा की बाबा तू कुत्री कशी सांभाळतो, रात्री कुठे ठेवतो, तंबूवाले आले की तुला काय त्रास होतो. गॉगलचं पान परत छापलंत तरी हरकत नाही, त्याच्या शेजारी हे एक चौकटीत द्या, आणि १९६२ नंबर ठळक छापा.

आपली,
एक नियमित वाचक, तळेगाव दाभाडे